बांधाची रेषा कोणत्या पुराव्यावर ठरते?

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांच्या पट्ट्यात बांधाचा वाद बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होतो: सातबाऱ्यावर माझे क्षेत्र दोन हेक्टर आहे, मग मोजणीत ते कमी कसे भरले? नाशिकच्या दिवाणी न्यायालयात जमिनीच्या दाव्यांचे काम करताना हा प्रश्न मी वारंवार ऐकतो आणि दरवेळी पक्षकाराला आधी हेच सांगावे लागते, की हद्द ठरवताना क्षेत्राचा आकडा हा सर्वांत दुबळा पुरावा असतो. हद्द म्हणजे पूर्वी कधीतरी जमिनीवर प्रत्यक्ष आखली गेलेली रेषा. क्षेत्र त्या रेषेवरून हिशेबाने काढलेले असते, त्यामुळे क्षेत्र पुरे व्हावे म्हणून रेषा सरकवता येत नाही.

ती मूळ रेषा कशी आखली गेली, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा कायदा नीट कळत नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या भूमापनात ३३ फुटांची साखळी वापरली जाई. तिचे १६ आणे असत, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित अधिक. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशा चौरसाचा एक गुंठा होतो, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. त्या वेळी शेतात घेतलेली अंतरे साखळी आणि आण्यांत टिपणावर, म्हणजे मोजणीच्या मूळ आराखड्यावर, उतरवली गेली, कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, मातीचे बुरूज घातले गेले. आजचा भूकरमापक, म्हणजे मोजणी करणारा सरकारी कर्मचारी, रोव्हर हे उपग्रहाच्या साहाय्याने चालणारे उपकरण घेऊन येतो आणि बिंदूचे स्थान सेंटिमीटरच्या अचूकतेने सांगतो. तथापि ही अचूकता आजच्या उपकरणाची आहे, मूळ आखणीची नव्हे. २० साखळ्या लांबीच्या बांधावर रेषा केवळ दोन फूट सरकली, तरी सव्वा गुंठ्याच्या जवळपास जमीन इकडची तिकडे होते. म्हणून नव्या मोजणीतून आलेला आकडा आणि जागेवर टिकून असलेला मूळ दगड यांत विसंगती दिसली, तर तो दगड मूळचा आहे आणि हललेला नाही एवढे सिद्ध होताच दगडाचे ऐकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ साली डेट्रॉइट शहरातील एका खटल्यात हेच तत्त्व मांडले होते: फेरमोजणी करणाऱ्याने मूळ खुणा कोठे असायला हव्या होत्या हे ठरवायचे नसते, त्या प्रत्यक्षात कोठे होत्या हे शोधायचे असते.

आपल्याकडे हा शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा, ते महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३४ मध्ये सांगितले आहे. भूमापनाच्या वेळी शेताच्या हद्दीबद्दल वाद नसेल आणि हजर असलेले गावचे अधिकारी तिला दुजोरा देत असतील, तर धारक दाखवेल ती हद्द कायम करता येते. वाद असेल किंवा धारक हजर नसेल, तर गावच्या अभिलेखांप्रमाणे. त्याचबरोबर गावचे अधिकारी आणि लगतचे धारक यांच्याकडून खात्री केलेल्या वहिवाटीप्रमाणे, अथवा मिळेल त्या इतर पुराव्यावरून हद्द ठरवायची. या संपूर्ण क्रमात क्षेत्राचा स्वतंत्र उल्लेख कोठेही नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. भूमापन पूर्ण झाल्यानंतर उद्भवलेला हद्दीचा वाद कलम १३५ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो आणि या तरतुदींखाली ठरलेली हद्द कलम १३८ नुसार निर्णायक मानली जाते.

अभिलेख या शब्दात बरेच काही येते. केवळ सातबारा पुरत नाही, कारण त्यावर शेतसाऱ्याची आकारणी आणि क्षेत्र असते, रेषा नसते. टिपण, फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद), गटबुक (गटांच्या आखणीची नोंद) आणि नकाशा एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. अशा गावांत गटाची बाहेरची कड जुन्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून जात असेल, तर मूळ टिपण उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

खरेदीखताची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण दिशा तीच आहे. खतात क्षेत्र एक सांगितलेले असते आणि चतुःसीमा दुसरेच दाखवतात, तेव्हा सामान्यतः चतुःसीमा श्रेष्ठ मानल्या जातात. ‘सुभागा विरुद्ध शोभा’ या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले आहे. त्याआधीच्या ‘शिवध्यान सिंग’ प्रकरणात १०६० ऐवजी १६० असा चुकीचा भूखंड क्रमांक पडला होता, तरी बाकीचे वर्णन जुळत असल्याने जमिनीची ओळख बदलत नाही, असे न्यायालयाने ठरवले. यामागचे कारण व्यवहाराशी धरून आहे: घेणारा आणि देणारा शिवारात उभे राहून पूर्वेचा नाला आणि पश्चिमेचा रस्ता डोळ्यांनी पाहतात, आकडा मात्र कागदावरून उतरवून घेतात. ‘सामान्यतः’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चतुःसीमाच मोघम असतील, उदाहरणार्थ चारही दिशांना केवळ ‘लगतची जमीन’ असे लिहिले असेल, तर या नियमाचा काहीही उपयोग होत नाही. गोदावरी, कादवा किंवा दारणेच्या काठच्या जमिनींत ‘नदीपर्यंत’ असा उल्लेख असला, तरी नदीचे पात्र कलम २० प्रमाणे शासनाचे असते, हे खत लिहितानाच ध्यानात घ्यावे.

वहिवाटीबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. बारा वर्षे बांधापलीकडे नांगर फिरवला की जमीन आपली झाली, असे गावोगावी ठामपणे सांगितले जाते. १९६३ च्या मुदत कायद्यातील बारा वर्षांची मुदत खरी आहे, आणि प्रतिकूल ताब्याने हक्क मिळाल्याचा दावा वादी म्हणूनही करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. परंतु तो ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो. भावकीत संमतीने चाललेली वहिवाट त्यात बसत नाही, आणि दरवर्षी थोडाथोडा बांध कोरणाऱ्याला तर आपण नेमक्या कोणत्या पट्टीवर आणि कोणत्या वर्षापासून ताबा सांगतो, हेच सिद्ध करणे अवघड जाते.

हक्काचा हा प्रश्न भूकरमापक सोडवू शकत नाही. तो अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि जागेवरची वहिवाट असे दोन्ही नकाशावर दाखवतो; हक्क कोणाचा, हे न्यायालय ठरवते. अतिक्रमणाच्या दाव्यात मोजणीचा नकाशा नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली न्यायालयातर्फे आयुक्त नेमून मोजणी करून घेण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. हद्दीच्या वादात अशी नेमणूक करायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हरियाणा वक्फ मंडळाच्या प्रकरणात म्हटले आहे.

हद्द कायम मोजणीचा अर्ज करणाऱ्यांनी आधी टिपणाची नक्कल काढावी आणि मोजणीच्या दिवशी भूकरमापकाने कोणते स्थिर बिंदू धरून सुरुवात केली, ते नीट पाहून ठेवावे. लगतच्या खातेदारांनीही नोटीस आल्यावर घरी बसू नये, कारण जुना दगड कोठे होता हे सांगू शकणारे बहुधा तेच असतात. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, आणि त्या अर्जात ‘क्षेत्र कमी भरले’ असे लिहिण्याऐवजी कोणता बिंदू चुकीचा धरला आणि कोणत्या अभिलेखावरून तो चुकीचा ठरतो, हे लिहावे.