हिरव्या पट्टीची रॅम, टाइट टायमिंग आणि आमचा मे महिना

रॅम घेताना सगळे बॉक्सवरचा वेगाचा मोठा आकडा बघतात, ३२००, ३६०० वगैरे, आणि बाजूला बारीक अक्षरात सीएल २२ (डेटा मागितल्यापासून यायला किती क्लॉक लागतात तो आकडा) लिहिलेलं असतं तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. असे थांबायचे आकडे म्हणजे टायमिंग, जितके कमी म्हणजे टाइट तितकं बरं, आणि बजेट रॅममध्ये खरी गोम तिथेच असते.

माझ्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, ए५२० चिपसेटचा साधा बोर्ड आणि ८-८ जीबीच्या दोन हिरव्या पट्ट्या. हीटसिंक नाही, आरजीबी नाही, एक्सएमपी प्रोफाइल (कंपनीने आधीच भरून दिलेलं जास्त वेगाचं सेटिंग) पण नाही, एकदम उघड्याबंब. लॅमिंग्टन रोडवरून कुरियरने वेंगुर्ल्यात आल्या. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही पण मेमरीला हात लावू देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच महाग बोर्डामागे लागतात.

डेटासाठी खरंच किती वेळ थांबायला लागतं त्याचा हिशोब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणायचं आणि बॉक्सवरच्या आकड्याने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. (२००० का, तर डीडीआरमध्ये एका क्लॉकला दोनदा डेटा जातो, ३२०० वाल्या रॅमचा खरा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झच असतो.) ३२०० सीएल २२ म्हणजे १३.७५. तीच पट्टी सीएल १६ वर चालवली की १०. आणि ३६०० सीएल १८ ची ती चकचकीत किट? तीपण १०च. डीडीआर५ ची बेसिक ४८०० सीएल ४० तर साडेसोळाच्या वर जाते, अर्थात तिची बँडविड्थ (एका सेकंदात किती डेटा जातो ते) भरपूर असते, त्यामुळे सरसकट तुलना नको. ५६००जी सारख्या चिपमध्ये ग्राफिक्सपण हीच रॅम खातं म्हणून बँडविड्थ महत्त्वाची आहेच, पण स्वस्त पट्टी ३६०० ला ओढताना टायमिंग सैल सोडायला लागणार असतील तर मी ३२०० वर थांबून टायमिंग आवळणारा माणूस आहे.

आता आवळायचं कसं. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडते ती सेटिंगची स्क्रीन) व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं, डीडीआर४ च्या एक्सएमपी किट सर्रास तेवढ्यावर चालतात त्यामुळे टेन्शन नाही, पण त्याच्या वर मी बिनहीटसिंकच्या पट्टीला नेत नाही. मग एका वेळी एकच आकडा बदलायचा. सीएल व्होल्टेज दिलं की बऱ्यापैकी ऐकतो. टीआरसीडी (रॅममधली ओळ उघडायला लागणारे क्लॉक) ऐकत नाही, खास करून मायक्रॉनच्या चिप असतील तर कितीपण व्होल्टेज द्या, तो जिथे अडतो तिथे अडतो, डोकं आपटू नका. माझं १६-२०-२०-३८ वर बसलं (पहिला सीएल, दुसरा टीआरसीडी, पुढचे दोन त्याच जातीचे). सॅमसंगच्या बी-डाय या भारी चिपवाले १४-१४-१४ चे स्क्रीनशॉट टाकतात ते बघून जळायचं नाही, ती चिप वेगळी, तिची किंमत वेगळी. आणि रायझनवर गिअर डाउन मोड (रॅमला कमांड निम्म्या वेगाने पाठवणारं सेटिंग) चालू असेल तर विषम सीएल वर सरकतो, १५ टाकलंत तरी १६च लागतो, झेनटायमिंग्ज हे सॉफ्टवेअर उघडून खरं काय लागलंय ते बघा.

पण सगळ्यात जास्त मजा टीआरएफसीमध्ये (एका रिफ्रेशला लागणारा वेळ) आहे आणि तिकडेच लोक जात नाहीत. रॅमच्या प्रत्येक सेलमध्ये छोटा कपॅसिटर असतो, त्यातला चार्ज गळत राहतो, म्हणून साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशची कमांड जाते आणि तेवढा वेळ रॅम कोणाचं ऐकत नाही, आमच्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात तसं, ग्राहक दारात उभा असला तरी. ८ गिगाबिटच्या चिपला स्टँडर्डप्रमाणे हा बंद काळ ३५० नॅनोसेकंद आहे, म्हणजे एकूण वेळातला साडेचार टक्के असाच गेला. ३२०० वर ३५० नॅनोसेकंद म्हणजे ५६० क्लॉक. मी ते ४८० वर आणलं, म्हणजे ३००. बी-डायवाले १६० नॅनोसेकंदांच्या आसपास जातात, आपल्या पट्टीला ते जमणार नाही, पण ५६० वरून ४८० फुकटात मिळतंय तर का सोडा. सोबत टीएफएडब्ल्यू (जेवढ्या वेळात जास्तीत जास्त चारच ओळी उघडता येतात तो काळ) पण बघा, ३२०० ला तो ३४ वर असतो, तिथेही खाली यायला जागा असते.

आणि इथे कोकण मध्ये येतं. कपॅसिटरची गळती उष्णतेने वाढते. डीडीआर४ च्या चिप ८५ अंशांच्या वर गेल्या तर रिफ्रेश दुप्पट वेळा करायचा असं स्टँडर्डमध्येच आहे, म्हणजे तापमानाचा मुद्दा काय मी काढलेला नाही. पुण्याबेंगळुरूची पोरं एसी रूममध्ये जानेवारीत टेस्ट करून आकडे टाकतात आणि आपण मे महिन्यात, खोलीत ३४-३५, अंगाला घाम चिकटलेला, केसमधली हवा त्याहून गरम, तेच आकडे टाकले तर एरर येणारच. म्हणून मी फायनल टेस्ट मे महिन्यात भर दुपारी घेतो, केसचं झाकण लावून. इंटेलवाले टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) ६५५३५ करतात, म्हणजे ३२०० वर रिफ्रेश पाचपट उशिरा. आकडे छान येतात बेंचमार्कमध्ये, पण हीटसिंक नसलेल्या पट्टीवर आणि आमच्या हवेत मी ते करणार नाही, कोणाला सांगणारही नाही.

टेस्टचं म्हणाल तर आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६, विंडोज चालूच करू नका नवीन टायमिंगवर, कारण रॅमची चूक गपचूप फाइलमध्ये जाऊन बसते आणि नंतर विंडोजच उठत नाही. ते पास झालं की मग विंडोजमध्ये टेस्टमेम५. एक जरी एरर आला तरी एक पायरी मागे, एका एररने काय होतंय हा नाद करायचा नाही. आमच्याकडे अडचण वेगळीच असते, टेस्ट अर्ध्यात आली की आई बाहेरून ओरडते, "पावसाक काळोख झालो हा, लाइट जातली, बंद कर ता!" आणि जातेच. यूपीएस नसेल तर रात्रभराच्या टेस्टचं नावच काढू नका.

अजून एक, खारी हवा. जुन्या पट्टीवर एरर आले की लगेच टायमिंगला शिव्या घालू नका, आधी पट्टी काढा, कॉन्टॅक्टवर हलक्या हाताने खोडरबर फिरवा, भुसा नीट झटका, स्लॉटमधली धूळ काढा आणि परत बसवा. निम्म्या वेळी तेवढ्यावर भागतं.

फायदा किती? गेममध्ये फ्रेम थोडे वाढतात, पण मध्येमध्ये अडखळायचं ते कमी होतं, मला तेच हवं होतं. रॅमचे भाव जे चढलेत ते बघता नवीन किटचा विषय मी बंदच केलाय.

लॅपटॉपवर होईल का असं बरेच जण विचारतात. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे ऑप्शनच नसतात, सोडून द्या. एकच पट्टी असेल आणि स्लॉट रिकामा असेल तर तशीच दुसरी घाला, ड्युअल चॅनलने (दोन पट्ट्या एकदम कामाला लागल्याने) जेवढं मिळेल तेवढं टायमिंगने कधीच मिळणार नाही.