सातवी पास बाई अध्यक्ष कशी होणार? जिनिंगमध्ये समिती करतानाचा माझा अनुभव

तुमच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात), दालमिलमध्ये नाहीतर गोदामात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि कामाच्या जागी बायांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती तुम्ही करायला निघाला असाल, तर समितीच्या आदेशाचा कागद हातात घेऊन जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात जाऊ नका. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, एक प्रत ईमेलनं टाका. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझं निम्मं रक्त आटायचं वाचलं असतं.

मी पांढरकवड्याच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब पाहते. आधी मुनीमजी होते, ते थकले, मग मी आले. दिवाळीच्या मागंपुढं हंगाम सुरू होतो तो उन्हं तापेस्तोवर. जिनवर आणि प्रेसवर माणसं, त्यातली बरीच मध्य प्रदेश-बिहारकडची. ओट्यावर बाया: गावातल्या, तांड्यावरच्या, कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या). त्या कापसातून कवडी (नीट न फुललेला, किडका कापूस), पत्ती, सुतळी, प्लास्टिकच्या चिंध्या, केस वेचून काढतात. एक गठाण 170 किलोची, पण तिच्यात वीतभर सुतळी निघाली तरी सूतगिरणीवाला आकांडतांडव करतो.

समितीचं प्रकरण त्या गिरणीमुळंच निघालं. दक्षिणेतल्या आमच्या खरेदीदारानं कळवलं की पुढच्या हंगामापासून कामगारांचं ऑडिट होईल; समितीचा आदेश पाहिजे आणि कामाची जागा सगळ्यांना सामावून घेणारी आहे हे दिसलं पाहिजे. शेठजी म्हणाले, "एक कागद करून टाका ना मॅडम." लैंगिक छळाविरुद्धचा हा कायदा 2013 सालचा. समिती नसली तर 50,000 रुपयांपर्यंत दंड, परत सापडलं तर दुप्पट, वर परवान्यावर गदा. दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. परवान्याचं नाव काढल्यावर मात्र त्यांनी नागपूरहून एक ताई बोलावल्या. त्यांचं काम संघटना विकासाचं. म्हणजे संस्थेत दुखतं कुठं ते तिथल्याच माणसांकडून काढून घ्यायचं, ते त्यांच्याच पुढं मांडायचं आणि उपाय त्यांनाच ठरवू द्यायचा.

ताईंनी नुसता कागद करून द्यायला साफ नकार दिला. शेठजींना त्यांनी कर्ट लेविनची गोष्ट सांगितली. 1946 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात वंशभेद कमी करण्यासाठी लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्यशाळा घेतली. दिवसभर गटांची चर्चा व्हायची आणि रात्री निरीक्षक बसून कोण कसं वागलं याची टिपणं काढायचे. काही शिबिरार्थी म्हणाले, आमच्याबद्दलच बोलता ना, मग आम्हालाही बसू द्या. बसू दिलं. आणि ते तिथंच म्हणायला लागले, 'असं नव्हतं, मी तसं नव्हतं म्हटलं.' त्या भांडणातून जे शिकायला मिळालं त्यावर ही पद्धत उभी राहिली. शेठजींनी मान डोलावली. लेविनपेक्षा ताईंची फी किती हा विचार त्यांच्या डोक्यात होता हे मला दिसत होतं, कारण व्हाउचर मीच करणार होते.

मग ताई ओट्यावर जाऊन बसल्या. छापील प्रश्नावली काढलीच नाही. निम्म्या बायांना वाचता येत नाही, आणि कोलाम बायांना मराठी समजत असली तरी आमच्यासमोर त्या बोलत नाहीत. त्यांनी पाच टोपली मांडली आणि प्रत्येकापुढं खडूनं चित्र काढलं: पाण्याचा माठ, संडासाचं दार, नोटा, एस.टी., आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस. प्रत्येकीच्या हातात मूठभर सरकी. जिथं जास्त त्रास तिथं जास्त सरकी टाका, आणि टाकताना बाकीच्यांनी पाठ करून उभं राहा. मला वाटलं होतं नोटांचं टोपलं भरेल. भरलं संडासाच्या दाराचं. दाराला आतून कडी नाही. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते, आणि तेवढ्या वेळात मुकादम दोघींच्या नावानं ओरडतो. कमरेवर हात ठेवलेल्या माणसाच्या टोपल्यातही सरकी कमी नव्हती. कोणी नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीच टोपली शेठजी आणि मुकादमासमोर मांडली, आणि बायाही तिथंच बसल्या. कडी संध्याकाळपर्यंत लागली. हंगामाचे हंगाम जे झालं नाही ते दहा रुपयांच्या कडीनं झालं!

समितीचं बाकीचं पटापट उरकलं. सदस्य ठरले, निम्म्याहून जास्त बाया झाल्या, फलक लागला. बाहेरची सदस्य मात्र लवकर शोधा. महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा हा विषय जाणणारी व्यक्ती लागते, आणि तालुक्याच्या गावात अशी माणसं मोजकीच असतात. आम्हाला बचत गटांचं काम केलेली एक वकील बाई भेटली. नियमात तिला चौकशीच्या दिवसाचे 200 रुपये आणि प्रवासखर्च आहे, आणि प्रवासात थ्री टायर एसी रेल्वेसुद्धा लिहिली आहे. आमच्याकडं लाल डब्याची एस.टी. वेळेवर आली तरी नशीब.

अडलं ते पहिल्याच रकान्यात. अध्यक्ष (आदेशात पीठासीन अधिकारी लिहितात) ही त्या कामाच्या जागेतली वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी असली पाहिजे. आमच्याकडं वरिष्ठ पदावर बाई एकही नाही. मी आहे, पण एका सल्लागार फर्मच्या नावावर, आणि हंगामानंतर दुसऱ्या दोन ठिकाणी हिशेब पाहते. शेठजी म्हणाले, "वहिनींचं नाव टाका." वहिनी म्हणजे त्यांची पत्नी. त्या वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला मिलमध्ये येतात. ताईंनी विचारलं, "उद्या तुमच्या भावाविरुद्ध तक्रार आली तर बाई वहिनींकडं येईल का?" शेठजी गप्प. खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, पण नातेवाइकाचं काय?

कायद्यात एक पळवाट आहे आणि ती रीतसर आहे. वरिष्ठ महिला नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या युनिटमधून, तेही नसेल तर दुसऱ्या संस्थेतून अध्यक्ष आणता येते. मला ती वाट सोपी वाटत होती. ताईंचं म्हणणं वेगळं: पळवाट घ्या, पण आधी शोधा की वरिष्ठ बाई का नाही. त्यांनी माझ्याकडून जुनी हजेरीपुस्तकं मागवली. दर हंगामात एकाच मावशीचं नाव पहिल्या ओळीत. ओट्यावर कोणी कुठं बसायचं ते तीच ठरवते, नव्या पोरींना कवडी ओळखायला तीच शिकवते, मुकादम नसला की हजेरीही तीच घेते. पुस्तकात मात्र 'मजूर'. ती रजेवर असली त्या आठवड्यांतच गिरणीकडून सुतळीच्या तक्रारी आल्या होत्या, हे माझ्याच फायलीत निघालं. ते कागद मी शेठजींसमोर ठेवले. याचा मला आजही अभिमान आहे, कारण शेठजींना कायद्यापेक्षा कपातीचे आकडे लवकर समजतात.

शेठजी तयार झाले, पण म्हणाले, पदनाम देऊ, पगार तोच राहू द्या. ताई म्हणाल्या, पगाराविना पद म्हणजे फलकावरची अक्षरं. बरीच ओढाताण होऊन 'प्रतवारी पर्यवेक्षक' असं पद तयार झालं, मुकादमाच्या बरोबरीच्या मजुरीवर. मुकादमाचा मुद्दा होता की 1948 च्या कारखाना कायद्यातच बायांना मनाई आहे. ती मनाई त्या कायद्याच्या (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता) कलम 27 मध्ये होती आणि ती पदाबद्दल नव्हती. प्रेसिंग कारखान्यात कॉटन ओपनर (कापूस मोकळा करायचं यंत्र) चालू असेल त्या भागात बाईनं काम करायचं नाही, एवढंच; आणि मध्ये छतापर्यंत भिंत असेल तर फीडच्या, म्हणजे कापूस आत घालायच्या बाजूला चालायचं. वर्षानुवर्षं त्या एका कलमाच्या आडून बायांना ओट्यावरच ठेवलं गेलं. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मले काय येते जी त्यातलं? पण दार धरून कोण उभी राह्यते, थे मले माहीत हाय." ताई म्हणाल्या, तेच पाहिजे.

आणि आता कार्यालय. नाव लिहीत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणचं आहे, जिन्याखाली फायलींचे गठ्ठे आहेत. मला फक्त पोचेचा शिक्का पाहिजे होता, ऑडिटवाल्यांना दाखवायला. टेबलावरच्या साहेबांनी आदेश वाचला आणि म्हणाले, हंगामी मजूर या कायद्यात धरतच नाहीत, तुम्हाला समितीच लागत नाही. मी कलम 2 ची प्रत काढली: कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फतची, सगळी माणसं कर्मचारी. ते म्हणाले, "ते दिल्लीतलं झालं मॅडम." मग ही यवतमाळातली समिती कोणत्या देशाच्या कायद्यानं करून राहिलो आपण, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

पुढल्या वेळी अध्यक्षाचं पदनाम. "पर्यवेक्षक म्हणजे वरिष्ठ कसं?" मी म्हटलं, आमच्याकडं वरती फक्त शेठजी आणि व्यवस्थापक आहेत. मग शिक्षण विचारलं. सातवी पास सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढला. "सातवी पास बाई चौकशी कशी करणार? शैक्षणिक पात्रतेची साक्षांकित प्रत जोडा." मी विचारलं, कोणत्या कलमात शिक्षणाची अट आहे? ते म्हणाले, पद्धत आहे. मी म्हटलं, पद्धत आहे असं लेखी द्या. ते चहाला गेले. तासभर मी बाकावर बसून होते, आणि शेजारच्या टेबलावरचा शिपाई मला समजावत होता की साहेब तसे चांगले आहेत. असतील. परत आल्यावर त्यांनी हळूच सुचवलं, "मालकीणबाईंचं नाव टाकून आणा, लगेच शिक्का मारतो." जे शेठजींनी पहिल्या दिवशी सुचवलं होतं तेच, सरकारी टेबलावरून! मिलमधून जी बाई मी मोठ्या मुश्किलीनं रकान्यात आणली, तिला इथं परत खोडायला निघाले होते.

त्या दिवशी परतीच्या गाडीतून मी वकील बाईला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, शिक्का मागतेच कशाला? समिती मालकाच्या लेखी आदेशानं होते, कार्यालयाच्या मंजुरीनं नाही. कार्यालयाकडं जातो तो वर्षाचा अहवाल. आदेशावर तारीख आणि सही घाल, फलकावर लाव, केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवर (अशा तक्रारींसाठीच्या वेबसाइटवर) नोंद कर आणि त्यांना माहितीसाठी पोस्टानं पाठव. तसं केलं. पोचपावती आली, ती ऑडिटवाल्यांनी मान्य केली. साहेबांचा शिक्का अजून आलेला नाही आणि मला नकोही.

राहिलेलं एक: तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. आमच्याकडं हंगाम संपला की बाया आपापल्या गावी जातात. म्हणून फलकावर फक्त मिलचा नंबर देऊ नका, वकील बाईचाही द्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी हंगामाच्या पहिल्या दिवशी ओट्यावर तोंडी सांगा. आमच्याकडं मावशी ते मराठीत सांगते आणि पोडावरची एक पोरगी कोलामीत. वर्ष संपल्यावर एकही तक्रार नसली तरी अहवाल पाठवायचा असतो, तो विसरू नका.

मावशीच्या पगाराचा वाद मात्र मिटलेला नाही. हंगामात तिला पर्यवेक्षकाची मजुरी मिळते. उन्हाळ्यात मिल बंद असते तेव्हा मुकादमाला राखणीचे पैसे मिळतात, तिला नाही. शेठजींकडं मी त्याचा अर्ज दिला आहे, आवक क्रमांक टाकून.