मे महिन्यातही भिंत ओली असेल तर

फरशीखाली पाइप गळतोय का ते कसं ओळखायचं, असं शोधलं की जिकडेतिकडे एकच सल्ला सापडतो. सगळे नळ बंद करा आणि मीटरवरचं छोटं चक्र फिरतंय का बघा. अमेरिकेत ठीक आहे हो, तिथे लाइनला चोवीस तास प्रेशर असतं आणि तीच लाइन थेट नळापर्यंत येते. आपल्याकडे पाणी येणार दोन-चार तास, ते पडणार खालच्या टाकीत, तिथून मोटारीने गच्चीवर, आणि घरात जे काय येतं ते सगळं गच्चीवरच्या टाकीतून. म्हणजे घरातला पाइप रात्रभर गळला तरी मीटर आपला शांत. मीटरवरून फार तर गेटपासून खालच्या टाकीपर्यंतचा तुकडा तपासता येतो, तोही पाणी आलेलं असताना, टाकीच्या तोंडाशी कॉक बंद करून.

घरातल्या लाइनसाठी आपला मीटर म्हणजे गच्चीवरची टाकी.

माझं सासर पुण्यात कोथरूडला, ८५-८६ च्या सुमाराचं रो हाऊस, पाइप सगळे जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, आणि कोब्याखालून नेलेले. पॅसेजच्या भिंतीला खालून गुडघ्यापर्यंत पोपडे यायचे. सासरे म्हणायचे पावसाची ओल आहे, पेंटर म्हणायचा ओल अडवणारा कलर मारू, आणि एका भल्या माणसाने तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुचवलं, तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्याला! पण पावसाची ओल एप्रिल-मेपर्यंत वाळायला पाहिजे ना, ही मेमध्येही तशीच. जुन्या घरात जमिनीतली ओलही भिंतीतून वर चढते, पण ती बहुतेक सगळ्या भिंतींना सारखी पट्ट्यासारखी दिसते, आमच्याकडे एकाच ठिकाणी डाग होता आणि तिथली फरशी ठोकली की भद्द वाजायची.

तर रात्री टाकी भरून घेतली, मोटारीचा ऑटो स्विच बंद केला (हे विसरलात तर सगळं मुसळ केरात), पट्टीने पातळी मोजली आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आत परत मोजली. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण नऊ लिटर पाणी. आमची दोन सेंटिमीटर उतरली होती. पण लगेच फरशीवर संशय घ्यायचा नाही, आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून ठेवायचा, न फ्लश करता कमोडमध्ये रंग उतरला तर चोर तिथेच आहे, बऱ्याच घरांत असतोच. आमच्याकडे उतरला नाही. मग एकेका रात्री एकेक कॉक बंद, आधी किचनचा, मग बाथरूमचा, आणि शेवटी सोलरच्या गरम पाण्याचा. सोलरचा बंद केल्यावर टाकी जागची हलली नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला की सकाळी पाणी कोमट का येतं, ज्यावरून आम्ही बिचाऱ्या सोलरवाल्याला झापत होतो. गरम पाणी रात्रभर फरशीखाली जात होतं आणि त्याच्या जागी टाकीतलं गार पाणी सोलरमध्ये भरत होतं, सोलरचा काही दोष नव्हता.

लाइन कळली, आता जागा. प्लंबरने लोखंडी सळई फरशीला टेकवून कानाला लावली, काही ऐकू येईना. साहजिक आहे, दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलो प्रेशर, आपली टाकी सात-आठ मीटरवर, म्हणजे पाऊण किलो, एवढ्यात पाणी फुसफुसत नाही, नुसतं झिरपतं. आवाज हवा तर हातपंप लावून लाइनला प्रेशर द्यावं लागतं, पण पाइप चाळीस वर्षांचा असेल तर जपून, एक भोक शोधताना दुसरं पडायचं. आणि प्लास्टिकच्या पाइपमध्ये आवाज लोखंडासारखा लांब जात नाही, तेही लक्षात ठेवा. थर्मल कॅमेरेवाले येतात, त्यांचा खरा उपयोग गरम लाइनला, फरशीवर उबदार पट्टा सरळ दिसतो. गार पाण्याच्या लाइनला तेवढं स्पष्ट दिसत नाही. काही जण पाच टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन असं मिश्रण पाइपात सोडतात, हायड्रोजन इतका बारीक की कोब्यातून, फरशीच्या सांध्यातून वर येतो आणि मशीन वाजतं. त्या प्रमाणात तो पेट घेत नाही, घाबरायचं कारण नाही.

आम्ही कॅमेऱ्यापर्यंत गेलो. डाग होता पॅसेजच्या भिंतीशी आणि उबदार पट्टा त्याच्यापासून चांगला चार-पाच फूट दूर, किचनच्या दाराजवळ. खाली कडक मुरूम लागला की पाणी खाली न जिरता आडवं पळतं, त्यामुळे ओल दिसते तिथेच फरशी फोडणारा प्लंबर असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पण खरं सांगू का, इतकं शोधून आम्ही ती जागा फोडलीच नाही. एक भोक पडलं म्हणजे बाकीचा पाइपही त्याच वयाचा आहे ना, आज इथे जोडला की पुढच्या वर्षी दोन फुटांवर. त्यामुळे जुनी लाइन दोन्हीकडून बूच मारून बंद केली आणि गरम पाण्याचा नवीन सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) पाइप बाहेरच्या भिंतीवरून आणला. दिसायला बरा नाही, सासूबाई अजून नाक मुरडतात, पण गळला तर दिसेल तरी. माझं मत हेच झालंय की पाइप जुना असेल तर कुठली लाइन गळते एवढं कळलं तरी पुरे, नेमकी जागा शोधायचा खर्च नवीन पाइप असलेल्यांनी करावा.

गळती महापालिकेचं पाणी आणणाऱ्या लाइनवर, म्हणजे मीटर ते खालची टाकी या तुकड्यात असेल तर मात्र दिरंगाई नको. पाणी गेल्यावर ती लाइन रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते, शेजारून ड्रेनेज जात असेल तर विचारायलाच नको. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले आणि पाण्यावर संशय गेला तेव्हापासून मला याची धास्तीच बसलीये.

आता भिंतीचं. गळती थांबल्यावर पोपडे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, पांढरा लोणा फुटला, आणि सासरे म्हणाले बघ, गळती तिथे नव्हतीच! तसं नाही, भिंत वाळताना आतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडत राहायचं, पाण्याने पुसायचं नाही आणि पुट्टी तर अजिबात लावायची नाही. जाड भिंतीला महिनोन्महिने लागतात. पेंटरचा फोन मधूनमधून येतो, त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलंय.