केशर आणि मेंदू

केशर म्हटलं की आपल्या डोक्यात आधी मिठाईच येते, पण इराणमध्ये हे शेकडो वर्षं औषध म्हणूनपण वापरात आहे, मन प्रसन्न करणारं म्हणून. खोरासान भागात शरद ऋतूत पहाटे पहाटे जांभळी फुलं खुडतात, एका फुलात तीनच लाल तंतू, ते हातानेच सोडवायचे, म्हणजे एक ग्राम केशरासाठी साधारण दीडशे फुलं लागतात! उगाच महाग नाहीये ते.

मला खरा इंटरेस्ट आला तो तेहरानच्या एका ट्रायलमुळे. २०१० साली ती छापून आली. अल्झायमरचे (म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू जाणाऱ्या मेंदूच्या आजाराचे) ५४ पेशंट, सगळे ५५ च्या पुढचे, २२ आठवडे अर्ध्यांना रोज ३० मिलीग्राम केशर आणि बाकीच्यांना डोनेपेझिल ही नेहमीची गोळी, आणि रिझल्ट जवळपास सारखेच आले, उलट केशरवाल्यांना उलट्यांचा त्रास कमी झाला. भारी वाटतं ना? पण ५४ म्हणजे फारच थोडी माणसं हो, आणि आजार सौम्य ते मध्यम होता, त्यामुळे कोणाची चालू गोळी बंद करून केशर सुरू करायचा आगाऊपणा प्लीज करू नका. केशराचा रंग ज्याच्यामुळे येतो ते क्रोसिन (तापाची गोळी नव्हे, हे केशरातलंच द्रव्य) अँटीऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखायला मदत करणारं, आहे, त्यावर बराच अभ्यास चाललाय.

आणि हो, इराणी लोक तंतू तसेच टाकत नाहीत, चिमूटभर साखरेसोबत खलात कुटून गरम पाण्यात मुरवतात. मी करून बघितलं, रंग बघतच राहिले!