हेडफोनची तुलना करताना घोडं अडतं ते पॅडपाशी

मध्यम किमतीचे, बाहेर घेऊन फिरता येतील असे क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपाचे) हेडफोन शेजारी ठेवून आवाज तोलायचा, हे काम ऐकायला सोपं वाटतं. एक काढा, दुसरा घाला, तीच फाइल लावा. माझा अनुभव असा, की यातला एकच टप्पा, म्हणजे कपाच्या कडेची गादी (पॅड) कानाभोवती बसवणं, बाकी सगळ्यांवर पाणी फिरवतो आणि नेमका तोच खोक्यावर छापलेला नसतो. छापलेलं असतं ते ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’. किती डेसिबलच्या फरकात, हे सोबत लिहिलेलं नसेल तर या आकड्याला काडीचा अर्थ नाही. २० हर्ट्झला आवाज २० डेसिबलने पडलेला असला तरी ‘२० हर्ट्झपासून’ असं लिहिता येतंच. ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, व्यासाचंही तेच. सोनी एमडीआर-७५०६ चा ड्रायव्हर ४० मिलिमीटर, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्सचा ४५, एकेजी के३७१ चा ५०. या तीन आकड्यांवरून कोण कसा वाजेल ते सांगता येत नाही.

फाइल, फोन, वायर यांत फार वेळ घालवू नका. सीडी दर्जाची फाइल, इक्वलायझर बंद, ‘सराउंड’ किंवा ‘बेस बूस्ट’ नावाचं जे काही असेल ते बंद, झालं. ब्लूटूथ हेडफोन वायरवर चालवून तोलत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की वायरवर आतली प्रोसेसिंग बऱ्याचदा बंद पडते. मग तुम्ही ऐकता तो रोज वापराल तो आवाज नसतोच.

आवाजाची पातळी मात्र जुळवायलाच हवी. ज्याचा आवाज जरा मोठा तो चांगला वाटतो. एका डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘जास्त स्पष्ट’ म्हणून कळतो, म्हणून तो घातक. फोनच्या व्हॉल्यूमची एकेक पायरी याहून मोठी असते, तेव्हा डेसिबलमध्ये बारीक पायऱ्या देणारा प्लेअर वापरा. कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रीअँप, म्हणजे आवाजाची मूळ पातळी, ०.१ डेसिबलने हलवता येतो.

कंपन्यांच्या सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक वीज दिली की हेडफोन किती जोराने वाजतो, त्याच्या) आकड्यांवरून पातळी जुळवायला जाऊ नका. कुणी ती एका मिलिवॅटला सांगतं, कुणी एका व्होल्टला. एम५०एक्सचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३८ ओहम आणि त्याचे ९९ डेसिबल हे मिलिवॅटचे. व्होल्टला बदलायचे तर १००० भागिले इम्पिडन्स, त्याचा लॉगरिदम, गुणिले १०. म्हणजे १४ डेसिबल वाढतात आणि ९९ चे ११३ होतात. एका खोक्यावर ९९ आणि दुसऱ्यावर ११३ दिसले तरी दोन्ही हेडफोन सारख्याच जोराने वाजत असतील.

पातळी मोजायला जाड पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा वीतभर तुकडा घ्या. मधोमध साउंड मीटरच्या माइकएवढं भोक पाडा, माइक पृष्ठभागाशी सपाट येईल असा बसवा, कडेची फट मळलेल्या चिकणमातीने बुजवा आणि वर हेडफोनचा कप ठेवा. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा मिसळलेला खरखराट) वाजवा, पण पूर्ण नाही, फक्त ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला. पूर्ण घेतलात तर बेसही मोजला जातो आणि बेस दर वेळी वेगळा येतो. का, तेच आता सांगतो, कारण घोडं तिथेच अडतं.

क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये पॅड, कान आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये हवेची एक छोटी बंद खोली तयार होते. ड्रायव्हर पुढे-मागे हलला की या खोलीतला दाब कमी-जास्त होतो. खालच्या पट्टीत तुम्हाला ऐकू येतो तो हा दाबच. पॅडला कुठे फट राहिली की हवा तिथून निसटते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट नीट न दाबता दांडा हळू ढकलला तर बोटाला काहीच जाणवत नाही, झटक्याने ढकलला तर दाब जाणवतो. तसंच इथे. हळू कंपनं, म्हणजे बेस, फटीतून निघून जातात. जलद कंपनांना निसटायला वेळच मिळत नाही. म्हणून फट असली तरी १००० हर्ट्झचा आवाज जागचा हलत नाही आणि ५० हर्ट्झचा सहज ५ ते १० डेसिबल खाली येतो.

फट कुठे पडते? पहिली जागा चष्म्याच्या काडीची. काडी पॅड उचलते आणि तिच्या वर-खाली दोन बारीक त्रिकोणी बोगदे तयार होतात. काडी जितकी जाड तितके ते मोठे. दुसरी जागा कानाच्या पाळीखाली, जबड्यामागे. तिथे खळगा असतो आणि कप पुरेसा वळत नसेल तर पॅडची खालची कड हवेतच राहते. ही फट आरशात दिसत नाही. पाळीखालून बोट फिरवलं की कळते. तिसरी म्हणजे केस. पॅडखाली आलेली एक जाडशी बटही पुरते. मग कानातले, आणि हेडबँडची पट्टी एक खाच कमी किंवा जास्त ओढलेली असणं. नव्या पॅडचा फोम कडक असतो. जुन्याचं रेक्झिन तडकलेलं असतं. दोन्हींतून गळती.

यातली मेख अशी, की गळती ‘गळती’ म्हणून ऐकू येत नाही. ती ‘हा हेडफोन जरा पातळ वाजतो’, ‘आवाज तीक्ष्ण आहे’ अशी ऐकू येते. बेस गेला की ट्रेबल आपोआप वर आल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजूंची गळती सारखी नसेल तर गायकाचा आवाज मधोमध राहतो आणि ठेका एका कानाकडे सरकतो. मग लोक ड्रायव्हर बिघडला म्हणून हेडफोन परत पाठवतात. आणि ज्याचा मला अजून राग येतो ते हे: हेडफोनवर पानंच्या पानं लिहिणारे ‘बेस कमी’ असा शेरा मारून मोकळे होतात, पण आपण चष्मा लावतो की नाही हे एका ओळीत सांगत नाहीत. हेडफोन कुठल्या पट्टीत किती जोराने वाजतो ते दाखवणाऱ्या आलेखांचीही तीच गत. ते यंत्राच्या कृत्रिम कानावर, पॅड नीट बसवून काढलेले असतात. चष्मेवाल्याने तो आलेख १५० हर्ट्झच्या वरच वाचावा.

तपासायची रीत सांगतो. ५० हर्ट्झचा शुद्ध सूर बेताच्या आवाजात लावा. दोन्ही तळवे कपांवर ठेवा आणि अगदी हलके दाबा. आवाज किंचित हलला तर ठीक. एकदम भरून आला तर फट आहे. मग एकेक बाजू दाबून कुठली गळते ते बघा. चष्मा काढून पुन्हा तेच करा. त्यानंतर ३०० हर्ट्झपासून ३० पर्यंत हळू उतरणारा स्वीप ऐका. चांगल्या सीलवर, म्हणजे पॅड फट न ठेवता बसलेलं असताना, आवाज हळूहळू मावळतो, गळतीत मधेच पायरी उतरल्यासारखा पडतो. पण फार जोराने दाबून ‘आता खरा बेस आला’ असंही म्हणू नका. पॅड चेपला की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि वरची पट्टीही बदलते.

खरी चाचणी याच्याही पुढची. एकच हेडफोन पाच वेळा काढा-घाला आणि दर वेळी तोच ५० हर्ट्झचा सूर ऐका. याच हेडफोनचे पाच वेळचे आवाज एकमेकांपासून जितके लांब पडतात, त्याहून दोन हेडफोनमधला फरक कमी असेल, तर बेसपुरती तुमची तुलना बाद. ही चाचणी कुणी करत नाही, कारण तिने मतं मांडायची हौस फिटत नाही. मी मात्र त्याशिवाय बेसबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

ऐकायला काय लावायचं, यातही सापळा आहे. तानपुरा सीलच्या परीक्षेला कुचकामाचा. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची, पण जवारीमुळे वरचे स्वरांश इतके भरघोस असतात की मूळ स्वर निम्मा गळून गेला तरी मेंदू तो भरून काढतो आणि खर्ज आहे असंच वाटतं. डग्गा मात्र खोटं बोलू देत नाही. सील नीट असेल तर तळव्याचा दाब वाढवत काढलेली घुमक वर सरकताना पोटासकट ऐकू येते. सील सुटलं की मागे राहतो तो नुसता थापेचा ‘टप’, आणि तबल्याची चाट आहे तशीच खणखणीत.

उपाय तसे थोडेच. बारीक तारेची काडी असलेला चष्मा, किंवा ऐकण्यापुरत्या काड्या पॅडच्या वर उचलून धरणं. मऊ, जाड पॅड असलेले हेडफोन. किंवा नॉइज कॅन्सलिंगवाले: कपाच्या आत माइक असलेल्या मॉडेलमध्ये कॅन्सलिंग चालू असताना गळतीने पडलेला बेस बऱ्याच अंशी सावरला जातो. पॅड बदलून बघण्याचा मोह टाळा. रेक्झिनच्या जागी मखमली पॅड घातले की कापडातून हवा जाते, बेस उतरतो आणि मग तुलना मूळ हेडफोनची राहतच नाही.

आणखी एक, जे खरं तर सुरुवातीला यायला हवं: पॅड दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. फोम अंगाच्या उबेने मऊ पडतो आणि सील सुधारतं. झटपट अदलाबदलीत दर वेळी गार पॅडच ऐकला जातो. ‘बर्न-इन’ म्हणून (नवा हेडफोन वाजवत ठेवला की आवाज सुधारतो असं) जे सांगतात त्यातला मोठा भाग मला हाच वाटतो, आणि उरलेला कानांची सवय.

बेस पक्का झाला की बाकीचं भराभर उरकतं. पुरुषाचा बोलण्याचा आवाज लावा. २०० हर्ट्झच्या आसपास कपाची पोकळी घुमत असेल तर तो कोंदट येतो. नंतर ‘स’ आणि ‘श’ भरपूर असलेलं बोलणं लावा. ते टोचत असेल तर ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा आहे. ३ किलोहर्ट्झजवळचा उंचवटा मात्र दोष नाही. उघड्या कानाची नळी स्वतःच तिथे आवाज वाढवते आणि हेडफोनने ते भरून द्यायचं असतं. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या ऐकण्याच्या चाचण्यांतून आलेल्या आलेखातही तो आहे आणि सपाटपेक्षा थोडा वर उचललेला बेसही आहे. तेव्हा ‘सपाट म्हणजे चांगला’ हे डोक्यातून काढा. शिवाय बस-रेल्वेची घरघर खालच्या पट्टीतच असते, आणि तीच साध्या पॅडने सर्वांत कमी अडते. घरात जड वाटणारा बेस प्रवासात बेताचा वाटतो. जिथे वापरणार तिथलाच निकाल धरा.

जॅकबद्दल राहिलंच. जुन्या अँप्लिफायरच्या हेडफोन जॅकचा स्वतःचा इम्पिडन्स जास्त असू शकतो. समजा तो ३२ ओहम आहे आणि ३२ ओहमचा हेडफोन बेसच्या अनुनादाशी ६० ओहमपर्यंत चढतो. तेवढ्यानेच तिथला आवाज सव्वादोन डेसिबलने फुगतो, आणि सील तपासताना केलेली सगळी मेहनत वाया जाते. जॅकचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. ६३ ओहमच्या एमडीआर-७५०६ ला ७-८ ओहमचा जॅक चालून जातो, १८ ओहमच्या हेडफोनला दोनाच्या आतला लागतो.

एवढं करून दोन हेडफोन बरोबरीत राहिले, तर ज्याचे मूळ कंपनीचे पॅड सुटे मिळतात तो घ्या. रेक्झिन कधी ना कधी तडकणारच. वायरही बघा. एमडीआर-७५०६ ची गुंडाळीची वायर कपातून निघतच नाही. एम५०एक्सची निघते, पण तिचं टोक २.५ मिलिमीटरचं आणि फिरवून लॉक होणारं आहे, त्यामुळे नुसती जाडी जुळते म्हणून घेतलेली वायर तिथे धरून राहील असं नाही.