कालनिर्णयांचा गठ्ठा आणि नाशिकमधले पाच आठवडे

पहिल्या दिवशी केंद्रातल्या ताईंनी माझ्यापुढे जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा ठेवला. म्हणाल्या, "आधी हे वर्षाप्रमाणे लावून घ्या. ह्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही." नव्या माणसाला काहीतरी काम द्यायचं म्हणून दिलं असेल, असं मला वाटलं. दुपारपर्यंत माझा गैरसमज दूर झाला.

माझं माहेर सांगलीचं. गेली बरीच वर्षं मी लेस्टरला राहते आणि तिथे घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या हेल्पलाइनवर काम करते. साठवलेली रजा घेऊन यंदा जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकच्या एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात काम करायला गेले. माझी लेस्टरची एक इंग्रज सहकारीही चार आठवड्यांसाठी आली होती. संस्थेचं नाव आणि पत्ता देत नाही, कारण सासरची माणसं बायकांच्या मागावर येतात. तुम्हीही कुठे काम केलंत तर फोटो टाकू नका, दारावरच्या पाटीचासुद्धा नको. खाली आलेल्या प्रसंगांचे तपशील मी बदलले आहेत.

व्हिसाचं आधी बघा. मोबदला न घेता केलेलं स्वयंसेवी काम ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त महिनाभर चालतं, म्हणून सहकारीने चारच आठवडे घेतले. त्याहून जास्त राहायचं असेल तर स्वयंसेवी संस्थेत काम करण्याची नोंद असलेला एम्प्लॉयमेंट व्हिसा काढावा लागतो. संस्थेने आमच्याकडून पोलीस दाखला आणि दोन शिफारसपत्रं मागितली. जी संस्था काहीच न विचारता "या, या" म्हणते, तिथे जाऊ नका. तिच्या दारात उद्या कोणीही उभा राहू शकतो.

मुंबईहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस सोयीची. नाशिक रोड स्टेशनवरून सीबीएस, म्हणजे शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक, नऊ-दहा किलोमीटर आहे. शालिमारपर्यंत शेअर रिक्षा मिळते, सिटीलिंकच्या बसही आहेत. आम्ही गंगापूर रोडला एका आजींकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिलो. जानेवारीतली नाशिकची पहाट बोचरी असते, स्वेटर हवाच.

आता कालनिर्णयाबद्दल. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात काय घडलं आणि कधी घडलं, दोन्ही लिहावं लागतं. केंद्रात येणाऱ्या बऱ्याच जणी पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत टोळीने कामाला आलेल्या, काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर. त्यांचं सांगणं असं असतं: "गोडी छाटणीला गेलो होतो तेव्हा," "धाकट्याच्या बारशाच्या आधी." एकीने सांगितलं, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी हात मोडला." कोणत्या वर्षीच्या पोळ्याच्या? "पोरगी पोटात होती तेव्हाच्या." पोरीचा जन्मदाखला जानेवारी २०२४ चा. म्हणजे पोळा २०२३ चा. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने पोळा १४ सप्टेंबरला होता, पुढच्या वर्षी तोच २ सप्टेंबरला. मी अर्जात १५ सप्टेंबर २०२३ लिहिलं.

मग तिने प्लास्टिकची पिशवी उघडली. आत रेशनकार्ड, आधार, हळदीचं बोट लागलेली लग्नपत्रिका आणि चार घड्या घातलेला सरकारी दवाखान्याचा केसपेपर. तारीख १५ सप्टेंबर. कारणाच्या जागी लिहिलेलं, पाय घसरून पडल्याने. "ते शेजारी उभे होते ना," ती म्हणाली. केसपेपर परत घडी घालताना तिचा डावा अंगठा पूर्ण मिटत नव्हता.

ह्या कामाला मराठी लागतं, तेही ऐकून घेणारं. अहिराणी किंवा कोकणा बोलणारी बाई आली की मीही गप्प बसायचे आणि ताई बोलायच्या. मराठी येत नसेल तर समुपदेशनाच्या खोलीत बसण्याचा हट्ट धरू नका. बाई आपलं दुःख एकदा सांगते तेच खूप असतं, दुभाष्यासाठी ते तिला पुन्हा ऐकवायला लावू नये. माझ्या सहकारीने रजिस्टरं संगणकावर घेतली, देणगीदारांचे इंग्रजी अहवाल लिहिले आणि आई आत बोलत असताना मुलांना सांभाळलं. ह्या शेवटच्या कामाची किंमत आयाच सांगतील.

सहकारीला एक प्रश्न सतत छळायचा: ह्या बायका सोडून का जात नाहीत? आमच्याकडे इंग्लंडमध्ये बाईला गुप्त पत्त्यावरच्या निवाऱ्यात हलवणं ही नेहमीची वाट. नाशिकमध्ये दहातल्या सात-आठ जणी मला म्हणाल्या असतील, "मला नांदायचंय, फक्त मार थांबवा." ताई त्यांना कधीच "सोड त्याला" म्हणाल्या नाहीत आणि "सांभाळून घे" असंही नाही. बैठकीत नवऱ्याकडून लेखी घ्यायच्या, पुढची तारीख द्यायच्या, आणि बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारायच्या, "रात्री निघायची वेळ आली तर कुठे जाशील? पिशवी कुठे ठेवलीस?" माझं मत स्पष्ट आहे: तिचा निर्णय आपल्याला पटो न पटो, पाच आठवड्यांसाठी आलेल्या माणसाने त्यात पडू नये.

माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहिते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एका बाईच्या कागदात एक सही राहिली होती, म्हणून मी तिला फोन केला. नवऱ्याने उचलला. मी काही न बोलता ठेवला, पण नंबर गेला होता. ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आता आपण फोन करायचा नाही. ती येईपर्यंत वाट बघायची." मी निघेपर्यंत ती आली नव्हती. फोन कोणाच्या हातात असतो, कोणत्या वेळी केला तर चालेल, आपलं नाव काय सांगायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. हेल्पलाइनवर इतकी वर्षं काढूनही मी त्या दिवशी ते पाहिलं नाही.

कायद्याचं थोडं वाचून जा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल करतात, त्याला सगळे डीआयआर म्हणतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथे राहण्याचा हक्क आहे, हे ऐकल्यावर किती जणी पुन्हा विचारतात, "खरंच?" निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. जिल्हा न्यायालयात मात्र तारखांवर तारखा पडताना मी पाहिल्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील कोणत्याही बाईला मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, बोलताना सगळे अजून चारशे अठ्ठ्याण्णवच म्हणतात. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर चिठ्ठीवर न देता तोंडपाठ करून घ्या. चिठ्ठी सापडते.

पैसे द्यायचे असतील तर रोख नेऊ नका. परदेशी पासपोर्ट असेल तर, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, तुमची देणगी परदेशी धरली जाते आणि ती एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या ठरावीक खात्यातच देता येते.

आणि घरात जुनी कालनिर्णयं असतील तर रद्दीत घालू नका. तुमच्या गावातल्या अशा केंद्राला विचारून नेऊन द्या. मी लावलेल्या गठ्ठ्यात २०१९ आणि २०२१ ची नव्हती. सांगलीला आईच्या स्वयंपाकघरात २०१९ चं मिळालं, मागच्या पानांवर दुधाचा हिशेब असलेलं. तसंच कुरिअर केलं. २०२१ चं अजून शोधतेय.