मोटर भूं करते पण फिरत नाही

परवा दुपारी अडीचला फोन आला, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून. "मिस्त्री, हायड्रोची मोटर जळाली बघा, रिवायंडिंगला न्यायला टेम्पो बोलावलोय, तुम्ही फक्त वायरी सोडून द्या." मी म्हणलं टेम्पोवाल्याला चहा पाजा आणि मी येईपर्यंत एक नट सुद्धा हलवू नका. ताटातली भाकरी तशीच ठेवून निघालो. मे महिन्यातली दुपार, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळल्याशिवाय गाडी चालवता येत नाही अशी.

हायड्रो म्हणजे रंगवून आलेल्या ओल्या टॉवेलातलं पाणी काढायचं मशीन. घरातल्या वॉशिंग मशीनचा ड्रायर असतो ना तसंच, फक्त याच्या टोपल्यात एका वेळी अख्खी ढकलगाडी माल बसतो. मोटर १० एचपी, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उठवायची, मग डेल्टात पूर्ण ताकदीवर टाकायची), बेल्टवर चालतं. हे एक मशीन थांबलं की रंगाचा माल ओला पडून राहतो, डाग धरतो आणि मालकाचा जीव खालीवर होतो, त्यामुळे घाई समजू शकतो. पण "भूं करते, फिरत नाही" एवढ्यावरून मोटर जळाली म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढं सांगतो.

गेलो तर तिथला पोरगा अजून बटण दाबतच होता. आधी त्याला थांबवलं. उभ्या मोटरला करंट कित्येक पटीनं जास्त लागतो, फॅन फिरत नाही म्हणजे हवा नाही, असं दहा वेळा दाबलं तर चांगली मोटर पण खरंच जळते. "किती वेळा दाबलास बे?" तर म्हणतो सात-आठ वेळा. बॉडीला हात लावला, गरम होती पण हात ठेवता येत होता. टर्मिनल बॉक्स उघडून वास घेतला, जळक्या वार्निशचा वास नाही. हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

मग मेन बंद केला, फ्यूज काढून माझ्या खिशात टाकले (हे मी कायम करतो, कारखान्यात कोण कधी येऊन खटका टाकेल सांगता येत नाही) आणि बेल्ट उतरवून शाफ्ट हातानं फिरवला. मऊ फिरला. टोपलं पण मोकळं, ब्रेक पण सुटलेला. म्हणजे बेअरिंग जाम नाही, लोड अडकलेला नाही. मोटरच्या सहाही वायरी सोडून तिन्ही ग्रुपचा, म्हणजे आतल्या वाइंडिंगच्या तीन भागांचा, रेझिस्टन्स बघितला, सारखा आला. ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगमधून बॉडीला करंट गळतो का ते बघायचं मीटर) लावला, बॉडीला २० मेगओम. खाली दोन मेगओमवर आली असती तरी मी घाबरलो नसतो, एकच्या खाली गेली की मात्र मी चालू करत नाही, आधी वाळवायची. तर एवढं बघून मालकांना सांगितलं, शेठ, मोटर चांगली आहे, टेम्पो परत पाठवा. त्यांचा विश्वास बसेना.

आता खरा मुद्दा इथून पुढं आहे, कारण नवीन पोरं इथंच फसतात.

मोटर चालू होत नाही म्हणजे काय होतंय हे आधी कानानं ऐकायचं. काँटॅक्टर (बटण दाबलं की ओढून मोटरला करंट जोडणारा खटका) ठक करून ओढतच नसेल, काहीच आवाज नसेल, तर मोटरकडं बघायचंच नाही, भानगड कंट्रोलमध्ये असते, ओव्हरलोड रिले (करंट जास्त गेला की मोटर बंद करतो तो) पडलेला, स्टॉपचं बटण अडकलेलं, कॉइल गेलेली, झाकणाचा लिमिट स्विच लागलेला नाही, असलं काहीतरी. काँटॅक्टर ओढतो, मोटर भूं करते आणि जागची हलत नाही, तर जाम तरी आहे नाहीतर एक फेज नाही. थ्री फेज मोटरला दोनच फेज मिळाले तर आतलं फील्ड फिरत नाही, नुसतं जागेवर धडधडतं, म्हणून तो आवाज. जाम नाही हे हातानं बघितलेलं होतं. राहिला फेज.

सगळं परत जोडलं, बेल्ट मात्र खालीच ठेवला. पोरगा म्हणाला, "काका, फेज बघितलो की मी, तिन्हीवर टेस्टर पेटतंय." त्याचं खोटं नव्हतं, पेटतच होतं. पण स्टार्टर ओढलेला असताना मेलेल्या फेजवर मोटरच्या वाइंडिंगमधून उलटा करंट येतो. दोन जिवंत फेजच्या मधोमध ते तिसरं टोक लटकतं आणि न्यूट्रलला साधारण १२० व्होल्ट दाखवतं. टेस्टरच्या निऑनला तेवढं भरपूर झालं. आणि स्टार्टर बंद असताना वरच्या बाजूला बघितलं तर तिथंही पेटणार, कारण ढिला जॉइंट लोड नसताना व्होल्टेज पूर्ण देतो, लोड आला की सोडतो. म्हणून टेस्टरवर मोटरचा निकाल लावायचा नाही. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात नोकरी केलेल्या ज्या मेस्त्रींकडं मी शिकलो ते दोन बल्ब सिरीजमध्ये लावलेला टेस्ट लॅम्प घेऊन फिरायचे, फेज-फेजमध्ये लावायचे, एक बल्ब ४१५ ला फुटेल म्हणून दोन. बल्ब थोडा तरी करंट ओढतो, नुसत्या टेस्टरपेक्षा खरं बोलतो.

मीटर लावला. स्टार्टर बंद असताना काँटॅक्टरच्या वरच्या बाजूला ४१२, ४१४, ४११. अगदी साजरं. मग पोराला म्हणलं मी हो म्हणलं की दाब आणि तीन मोजून सोड, टायमर डेल्टात टाकायच्या आत. दाबलं, भूं, आणि त्याच जागेवर मीटरवर ४०९, २०५, २०४.

एक जोडी पूर्ण आणि बाकी दोन जोड्या बरोबर निम्म्या दिसल्या की डोळे झाकून समजायचं, दोन्ही निम्म्या जोड्यांत जो फेज आहे तो मागं कुठंतरी तुटलाय. हे लोडवरच दिसतं. मग मागं मागं जायचं. मध्ये पाच-सात मिनिटं मोटर थंड होऊ द्यायची. मेन स्विचच्या फ्यूजच्या दोन्ही बाजूंना तिन्ही फेज ठीक, स्टार्टरच्या इनकमिंगला निम्मे. म्हणजे मधली चार मीटर केबल. शेवटी एकाच फेजच्या दोन टोकांना मीटर लावला, एक प्रोब फ्यूजच्या बाहेरच्या टोकावर, दुसरा स्टार्टरच्या इनकमिंगवर. चांगल्या वायरवर तिथं शून्य यायला पाहिजे, इथं साडेतीनशेच्या वर. मालक बाजूला उभे राहून बघत होते, तेव्हा कुठं त्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावला. (हे सगळं चालू पॅनेलवरचं मोजणं आहे, रबरी मॅट, चांगल्या प्रोब आणि सोबत जाणता माणूस असल्याशिवाय कुणी करू नका.)

मेन परत बंद, फ्यूज खिशात, आणि स्विचच्या आउटगोइंगचा लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेला बोल्टाचा तुकडा, उघडला. स्लीव्ह तपकिरी होऊन चुरा झालेली, लगवर पांढरी भुकटी, बोल्ट बोटानं फिरतोय. ॲल्युमिनियमचा लग सरळ पितळेच्या टर्मिनलवर आवळलेला. ॲल्युमिनियम गरम झालं की पितळ-तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आकसतं, रोज चालू-बंद, रोज थोडं ढिलं. त्यात रंगखात्याची हवा, कॉटनच्या रंगाला मीठ आणि सोडा पोत्यानं लागतो, वाफ दिवसभर, ती खारट ओल त्या जॉइंटमध्ये बसते. मोटर बिचारी वीस फुटांवर उभी, तिचा काय दोष.

आता का पटत नाही ते. चारेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात अशीच मोटर बंद पडली होती. तिथले कामगार बेल्ट हातानं ओढून, धक्का देऊन चालू करायचे. एक फेज नसलेली मोटर धक्का दिला की फिरते, ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरते, आणि लोकांना वाटतं चालतंय की. हात बेल्टमध्ये जायची भीती तर आहेच, शिवाय दोनच फेजवर ओढून ती खरंच जळाली. मी उतरवून दिली. रिवायंडिंगवाल्यानं खोलून दाखवलं, तीन ग्रुपपैकी एक काळा ठिक्कर, दोन स्वच्छ. डेल्टात चालणाऱ्या मोटरवर सिंगल फेजिंग झालं, म्हणजे एक फेज गेला, की असंच दिसतं, स्टार जोडणी असेल तर उलट, दोन काळे आणि एक स्वच्छ. फेज जातोय हे त्यानं सांगितलं पण होतं. मी ऐकलं, मान हलवली आणि घाईत नवीन वाइंडिंग त्याच केबलवर परत चढवली. आठव्या दिवशी परत जळाली. त्या मालकांनी मला एक शब्द बोलला नाही, फक्त त्या महिन्यात दोनदा पैसे भरले. ते अजून मनातून जात नाही. त्या दिवसापासून लोडवर फेज मोजल्याशिवाय मी मोटरचा बोल्ट सोडत नाही.

इथं तेवढ्यात पोरगा आतून चहा घेऊन आला. केबलचं जळकं टोक कापलं, मागची तापून खराब झालेली लांबी पण कापली, ॲल्युमिनियम घासून, पेस्ट लावून बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) क्रिंप केला. ओव्हरलोड रिले बघितला तर पंधरा अँपिअरवर ठेवलेला, नेमप्लेटवर १४.५ आहे म्हणून कुणीतरी ठेवला असणार. पण स्टार-डेल्टात रिले काँटॅक्टरखाली वाइंडिंगच्या लाइनमध्ये असेल, इथं होता, तर तिथून लाइन करंटचा ५८ टक्केच जातो, म्हणजे साडेआठच्या आसपास पाहिजे. पंधरावर ठेवलेला रिले असून नसल्यासारखाच. तो उतरवून बरोबर केला.

बेल्ट चढवला, माल भरला, पावणेपाचला बटण दाबलं. स्टार, टायमर, ठक, डेल्टा. टाँग टेस्टरवर (वायरीला वेढून करंट मोजतो तो) तिन्ही फेज ११.२, ११.४, ११.३ अँपिअर.

मालकांना सांगितलंय की त्या पॅनेलमध्ये असेच ॲल्युमिनियमचे लग अजून अकरा ठिकाणी आहेत, आणि एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या. लगचं लगेच हो म्हणाले, प्रिव्हेंटरचं "बघू पुढच्या महिन्यात". सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला शटडाऊन घेतलाय. पोराला पण बोलावलंय, या वेळी मीटर त्याच्या हातात देणार आहे.